ऊसतोडीला उन्हाचा फटका : पाणी, सावली अन् विश्रांती का गरजेची?

बीड : दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातून हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्र अन् कर्नाटकाकडे जातात. तेव्हा थंडी असते. पण हंगाम लांबला की फेब्रुवारी-मार्चची तोड भर उन्हात येते. फडात वारा लागत नाही. जळीत ऊस असला तर काजळी वेगळीच.

त्यात खाडा झाला तर पैसे कापले जातात, डोक्यावर उचल असते. म्हणून चक्कर आली तरी कोयता खाली ठेवला जात नाही. आडोसा नसल्यानं बायका तर पाणीच कमी पितात. धोका इथूनच सुरू होतो.

घाम वाळताना अंग गार होतं. पाणी कमी पडलं की हे काम बिघडतं. लघवी गडद पिवळी होते, पायात गोळे येतात, डोकं दुखतं. रोज असं झालं तर किडनीवर ताण येतो. निकाराग्वा, एल साल्वाडोर या देशांत शुगर-बीपी नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांच्याही किडन्या निकामी झाल्या. तिथं मग पाणी, विश्रांती अन् सावली यावर काम सुरू झालं.

आपल्या फडात काय करता येईल?

• तोड पहाटे लवकर सुरू करावी, दुपारी 12 ते 3 थांबावं.
• तहान लागायची वाट न बघता दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं.
• 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ टाकून ठेवावं. चमचा चहाचा घ्यावा.
• बांधावर ताडपत्रीची सावली करावी. लेकरं तिथंच ठेवावीत.
• बायकांसाठी आडोसा करावा.

माणूस बरळू लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीनं उष्माघात उतरत नाही.

उचल घेतानाच मुकादमाशी पाण्याचा टँकर, सावली अन् दुपारच्या सुट्टीचं बोलून घ्यावं. निघण्याआधी ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंदणीची चौकशी करावी. एक खाडा परवडतो, घरचा माणूस गेला तर भरून निघत नाही.