उन्हाळी: 'रिकाम्या' जागेतलं कामाचं झुडूप

शहाडहून बोलतोय. दिवसभर मी कोड लिहितो, पण आजचा भाग एका रानफुलावर आहे. नाव उन्हाळी, संस्कृतात शरपुंखा, शास्त्रीय नाव टेफ्रोसिया परप्युरिया.

ओळखायचं कसं? गुडघ्याएवढं, फार तर कमरेएवढं चिवट झुडूप. फुलं गुलाबी-जांभळी, घडण वाटाण्याच्या फुलासारखी, कारण दोघं एकाच कुळातले. शेंगा चपट्या, किंचित वाकड्या. पक्की खूण हवी? एक पर्णिका टोकाला धरून ओढा. ती सरळ फाटत नाही, 'व्ही' आकारात तुटते, बाणाच्या मागच्या पिसांसारखी. शर म्हणजे बाण, पुंख म्हणजे त्याचा पिसांचा भाग. नावातच टेस्ट केस दिलीये!

हिला जागा कुठली आवडते? रस्त्याची कड, मुरमाड माळ, शेताचा बांध, पडीक प्लॉट. म्हणजे कोरडी, निकस माती. तिथे ही टिकते कारण मूळ खोल जातं आणि मुळावरच्या गाठींत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. हवेत नायट्रोजन ७८ टक्के, पण झाडांना तो थेट घेता येत नाही. जिवाणू त्याचं खत करून देतात, झाड त्यांना साखर देतं. ताजी गाठ फोडलीत आणि आत गुलाबी दिसलं, तर समजा काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. पानं-मुळं कुजली की हे खत मातीत जातं, म्हणून शेतकरी हिचा हिरवळीच्या खतासाठीही वापर करतात.

एक इशारा: आयुर्वेदात ही औषधी आहे, पण हिच्यात माशांना विषारी ठरणारी द्रव्यंही आहेत. मोबाईलवर वाचून काढा करू नका.

आता मुद्द्याचं. उन्हाळी बहुवर्षायू आहे. वरून कापली तरी मुळातून पुन्हा फुटू शकते. पण वर काँक्रीट ओतलं, पेव्हर ब्लॉक बसवले, की फुटायला वाटच उरत नाही. आपल्याकडे मोकळी जागा दिसली की आपण म्हणतो, "रिकामीच तर आहे." ती रिकामी नसते मंडळी, तिथे माती तयार होत असते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुंपणालगतची पट्टी फरशीखाली घालायचा विषय निघाला, तर हातभर माती उघडी ठेवा एवढं नक्की सांगा.

पर्णिका तुटली का 'व्ही'सारखी? कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात!