यात्रेची सुपारी देताय? कागद करून घ्या!

शेतकरी बंधूंनो, चैत्रातल्या यात्रा तोंडावर आल्या की येडगाव धरणाजवळच्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. जुन्नर-आंबेगावचेच काय, लांबलांबचे गावकारभारी इथं सुपारी द्यायला येतात.

कालाष्टमीला अनेक गावांची यात्रा एकाच दिवशी, म्हणून त्या तारखेची सुपारी चढीच. यात्रा कमिटीने पाडव्याची वाट पाहत बसू नये. वर्गणी गोळा होते तेव्हा उन्हाळी कांदा बहुधा शेतातच असतो. त्याच्या भावाच्या आशेवर सुपारीचा आकडा फुगवू नका.

तारीख, रक्कम, इसार, स्टेज, पाणी, अवकाळी आला तर काय, हे सारं सरपंचांसमोर लिहून घ्यावे. तोंडी बोलीवर भांडण झालं की भोगतात कलावंत. फडमालक हंगामाआधी कर्ज काढून त्यांना उचल देतात. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा हे देणं अंगावर बसलं. तेव्हा उरलेली रक्कम गणाआधीच हातात ठेवा, सकाळवर ढकलू नका.

आणि हो, रात्री खेळ सुटल्यावर उसाच्या कडेने एकटंदुकटं जाऊ नका. बिबट्या आहे. बॅटरी घ्या, घोळक्याने चला, पोरांना मधे ठेवा.