अज्ञान पाल्याचे परराज्यात स्थलांतर आणि न्यायालयाची परवानगी

अज्ञान मुलाचा ताबा न्यायालयाने ज्याच्याकडे सोपविला आहे, त्यास त्या मुलासह परराज्यात राहावयास जाता येते काय, या प्रश्नाचा विचार करताना राज्याची सीमा हीच निर्णायक रेषा होय असे बहुधा गृहीत धरले जाते. वस्तुतः १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमास ही रेषा ठाऊक नाही. त्याच्या कलम २६ अन्वये न्यायालयाने नेमलेल्या वा घोषित केलेल्या पालकास पाल्याला त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर परवानगीवाचून नेता येत नाही. आणि हे क्षेत्र म्हणजे सामान्यतः जिल्हा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याची हद्द परराज्यास कोठेच भिडत नाही. तरीही पाथर्डीहून बेळगावास जाणे आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात जाणे, ही दोन्ही या कलमापुढे सारखीच.

या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. काही कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या स्त्रीस निघण्याचा दिवस निवडता येत नाही, आणि मूल मागे ठेवावे तर कोणापाशी? ती घोषित पालक असेल तर प्रत्येक हंगामी प्रवास कलम २६ च्या कक्षेत येतो. न्यायालयाच्या अधिकारास बाध आणण्याच्या हेतूने वा तसा परिणाम होईल अशा रीतीने पाल्यास हलविल्यास कलम ४४ अन्वये एक हजार रुपयांपर्यंत दंड वा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. मात्र कलम २६ मध्येच परवानगी 'विशेष' अथवा 'सर्वसाधारण' असू शकते असे म्हटले आहे. हंगामी स्थलांतरास ही दुसरी तरतूदच योग्य, असे आमचे मत आहे. कोपीत काढलेल्या पाच-सहा महिन्यांनी मुलाचे कलम ९ मधील 'सामान्य निवासस्थान' बदलले असेही सहसा म्हणता येणार नाही. तो वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रुची माजू प्रकरणात स्पष्ट केले आहे.

ताबा हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली मिळाला असेल तर स्थिती निराळी. (दोन्ही कलमांचा क्रमांक एकच असल्याने विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो.) तेथे निर्बंध शोधावयाचा तो हुकूमनाम्याच्या शब्दांत. हुकूमनामा मूक असला तरी दुसऱ्या पालकाचा भेटीचा हक्क निष्फळ होत असेल, तर न्यायालयाकडे जाऊन आदेशात बदल करून घेणेच श्रेयस्कर. असे आदेश अंतिम नसतात, हे १९७३ च्या रोझी जेकब प्रकरणापासून प्रस्थापित आहे. २०१० साली विक्रम वीर व्होरा प्रकरणात मातेस मुलासह ऑस्ट्रेलियास जाण्याची मुभा मिळाली. २०२२ साली पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने नाकारलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने पोलंडमध्ये नोकरीसाठी निघालेल्या मातेस दिली.

ही उदाहरणे नोकरदार वर्गाची आहेत. कसोटी मात्र एकच, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम १३ मधील मुलाचे कल्याण. ऊसतोडीच्या बाबतीत तिचा भार शाळेच्या खंडावर अधिक पडेल. पिताही दुसऱ्या कारखान्यावर कोयता चालवीत असल्यास महिन्यातील ठराविक शनिवारी न्यायालयात भेट, ही नेहमीची अट उभयतांस निरर्थक ठरते. भेटीचे दिवस टोळ्या परतल्यावरच्या, पाडव्यापुढील महिन्यांतच नेमावे लागतील.