पट्टी कुणाच्या नावानं?

मी राहते निपाणीत आणि नोकरी करते कोल्हापूरच्या मार्केट यार्डात, गुळाच्या एका अडतीत. हिशोब माझ्याकडे. गाडीतून गुळाचे रवे उतरू लागले की मी शेतकऱ्याला पहिलं विचारते, "पट्टी कुणाच्या नावानं करायची?" बिचाऱ्याचं सगळं लक्ष सौद्याकडे असतं. शेजारच्या दुकानात काय दर निघाला, आपल्या मालाचा रंग व्यापाऱ्याला पटतोय का, याची काळजी. "करा की माझ्याच नावानं," म्हणतो आणि वळतो. त्याला परत बोलवावं लागतं.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली. निपाणी-चिक्कोडीकडचा गूळही कोल्हापुरात येतो. माल आणणारा दरवेळी मालकच असतो असं नाही. कधी टेम्पोवाला आणतो, कधी पुतण्या, कधी एकाच गाडीत तिघांचे रवे असतात. सौदा झाला, वजन झालं, की पट्टी निघते: नाव, गाव, रवे, वजन, दर. मग हमाली, तोलाई, भाडं आणि घेतली असेल तर उचल वजा. तळाला निव्वळ देणं. त्या आकड्याशेजारी मी पेन्सिलनं खात्याचे शेवटचे चार आकडे लिहिते आणि शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवते. कागद पुढे केला तर तो न बघता मान हलवतो. कानावर पडलं की चुकलेलं लगेच टोचतं.

सीमाभागात नावापेक्षा पत्ता जास्त घोळ घालतो. बोरगाव म्हणाल तर एक आमच्या निपाणी तालुक्यात, दुसरं सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात. दोन्हीकडे पाटील आहेत, दोन्हीकडे ऊस आहे. निपाणी तालुका अलीकडचा, त्यामुळे एकाच माणसाच्या जुन्या पासबुकावर 'ता. चिक्कोडी, जि. बेळगाव' आणि नव्या कागदावर 'ता. निपाणी, जि. बेळगावी'. आजोबांचे कागद काढले तर त्यांवर मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो. घर तेच, उंबरा तोच.

अशा ठिकाणी पिनकोड फार कामाचा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते, संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे. कागलचा पिन ४१६२१६, निपाणीचा ५९१२३७. महामार्गावरची ही शेजारची गावं, पण पहिलाच आकडा वेगळा, कारण तो टपालाचा विभाग सांगतो. चेक पोस्टानं जायचे तेव्हा या सहा आकड्यांवर सगळी भिस्त असायची. आजही कुणी चेकच मागितला तर मी पिन विचारल्याशिवाय पाकीट बंद करत नाही. चेकची मुदत एप्रिल २०१२ पासून तीनच महिने आहे. चुकीच्या गावाला फिरून आलेला चेक हातात पडेपर्यंत शिळा झालेला असू शकतो.

आता पैसे जातात खात्यावर, आणि लोकांना वाटतं की मग पत्त्याची कटकट संपली. मला उलट वाटतं. चुकलेलं पाकीट पोस्टमन परत तरी आणायचा. एनईएफटीनं पाठवलेली रक्कम खातेक्रमांकावर जमा होते. नावाचा नि क्रमांकाचा मेळ बसतो का, हे बघण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर. क्रमांक अस्तित्वातच नसेल तर पैसे परत येतात, ते बरं. पण एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचं खातं खरंच कुणाचं तरी निघालं, तर त्या माणसाच्या संमतीशिवाय बँक सहसा रक्कम काढून देत नाही. पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ पासून बँकांना बंधनकारक केली. ती आल्यापासून मी नाव दिसल्याशिवाय पुढचं बटण दाबत नाही. वेळ लागतो, मालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

बँकांच्या विलीनीकरणानं वेगळीच भर घातली. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत गेली आणि तिचे जुने आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. तरी गुऱ्हाळावरून येणाऱ्या व्हॉट्सॲपवर अजून तेच जुनं पासबुक येतं, पहिल्या पानाचा फोटो, आणि धरणाऱ्याचा अंगठा नेमका खातेक्रमांकाच्या शेवटावर! मी रद्द केलेला चेक मागते किंवा ताजं पासबुक.

माल कुणाच्या नावाचा, या बाबतीत म्हैसूरकडच्या तंबाखूवाल्यांचा मला हेवा वाटतो. आमच्या निपाणीचा विडीचा तंबाखू व्यापाऱ्याशी बोलून विकला जातो. त्याच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले होते. तिकडचा सिगारेटचा तंबाखू मात्र १९८४ पासून तंबाखू मंडळाच्या लिलावात जातो. तिथे उत्पादकाची नोंदणी आधी, बोली नंतर. माल कुणाचा हे फलाटावर विचारावं लागत नाही.

गेल्या हंगामात एका नव्या नंबरवरून मेसेज आला: खातं बदललंय, यापुढे इथं पाठवा. खाली ओळखीच्या शेतकऱ्याचं नाव. मी वहीतल्या जुन्या नंबरवर फोन लावला. तो गुऱ्हाळावर होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. असा मेसेज आला तर त्याच नंबरवर उलटा फोन करून उपयोग नाही, तिकडून 'हो'च येणार. आणि पैसे जाऊनच बसले असतील तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घेऊन ताबडतोब बँक गाठायची आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची.

सगळ्यांत अवघड असते वारलेल्या बापाच्या नावची पट्टी. वर्षानुवर्षं माल त्यांच्या नावानं आलेला, मुलालाही तेच नाव चालू ठेवावंसं वाटतं. बँकेला कळवलेलं नसेल तर रक्कम त्या खात्यात जाऊन बसते, आणि मग मृत्यूचा दाखला, नॉमिनी, नॉमिनी नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या. लग्न होऊन गडहिंग्लजला गेलेली बहीणसुद्धा सहीला लागते. म्हणून पहिल्याच गाडीला मुलाचा खातेक्रमांक मागते. तो जरा गप्प होतो, मग खिशातून पासबुक काढतो.