पृथ्वीसमीप लघुग्रह

सूर्याभोवती फिरताना ज्यांचे सूर्यापासूनचे किमान अंतर १·३ ज्योतिषशास्त्रीय एककांहून कमी असते, अशा लघुग्रहांना पृथ्वीसमीप लघुग्रह म्हणतात. पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतर, म्हणजे सु. १५ कोटी किमी., हे एक ज्योतिषशास्त्रीय एकक होय. ‘समीप’ ही संज्ञा खगोलीय मापाने घ्यावयाची असते. यांपैकी बहुतेक लघुग्रह चंद्राच्याही बरेच पलीकडून जातात. या वर्गातील पहिला लघुग्रह ईरॉस हा असून तो १८९८ मध्ये गुस्टाफ व्हिट यांनी शोधला. २०२२ मध्ये ज्ञात पृथ्वीसमीप लघुग्रहांची संख्या ३०,००० वर गेली.

उगम व प्रकार : बहुसंख्य लघुग्रह मंगळ व गुरू यांच्या कक्षांमधील पट्ट्यात आढळतात. या पट्ट्यातील काही कक्षा अस्थिर आहेत. उदा., गुरूच्या एका प्रदक्षिणेच्या काळात ज्या लघुग्रहाच्या तीन प्रदक्षिणा होतात, त्यावर गुरूचे आकर्षण ठराविक स्थितीत पुनःपुन्हा कार्य करते. त्यामुळे त्याची कक्षा लांबट होत जाते व तो अंतर्ग्रहांच्या प्रदेशात येतो. सूर्यप्रकाशाने तापलेला लघुग्रह उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा त्याला अतिशय क्षीण रेटा मिळतो. लाखो वर्षांत या रेट्यामुळे लहान लघुग्रह अशा अस्थिर कक्षांपर्यंत सरकत येतात. कक्षेनुसार पृथ्वीसमीप लघुग्रहांचे चार गट पाडतात : पृथ्वीची कक्षा ओलांडणारे व एका वर्षाहून अधिक प्रदक्षिणाकाल असलेले अपोलो, ती ओलांडणारे पण एका वर्षाहून कमी प्रदक्षिणाकाल असलेले एटेन, कक्षेच्या बाहेरूनच जवळ येणारे अमोर, आणि सर्वस्वी तिच्या आत राहणारे अटीरा.

ज्यांची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किमी.च्या आत येते व ज्यांचा व्यास सु. १४० मी. वा त्याहून अधिक असतो, त्यांना संभाव्य धोकादायक म्हणतात. दोन कक्षा एकमेकींजवळ आल्या, तरी आघात होण्यासाठी दोन्ही गोल त्याच क्षणी त्याच ठिकाणी असावे लागतात. त्यामुळे धोक्याचा निर्णय केवळ जवळिकीवरून होत नाही. कक्षा किती अचूकपणे माहीत आहे, यावर तो अवलंबून असतो.

वेध : एकाच आकाशभागाची थोड्या थोड्या वेळाने घेतलेली छायाचित्रे ताडून पाहिली असता स्थिर ताऱ्यांमधून सरकणारा ठिपका किंवा रेघ दिसते. १६ ऑगस्ट २०२० रोजी कॅलिफोर्नियातील पॅलोमार वेधशाळेच्या छायाचित्रांत अशी एक रेघ मुंबईतील (पवई) भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांना आढळली. २०२० क्यूजी असे नाव मिळालेला हा लघुग्रह केवळ ३ ते ६ मी. व्यासाचा होता. तो दक्षिण हिंदी महासागरावरून २,९५० किमी. उंचीवरून गेला व पृथ्वीच्या आकर्षणाने त्याचा मार्ग सु. ४५ अंशांनी वळला. एवढ्या जवळून जाऊन सुखरूप निसटलेला दुसरा लघुग्रह तोपर्यंत माहीत नव्हता. पण त्याचा शोध लागला तेव्हा त्याला निकटतम बिंदू ओलांडून सहा तास झाले होते. कारण तो सूर्याच्या दिशेने आला होता व त्या दिशेला जमिनीवरील दूरदर्शकांना वेध घेता येत नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क येथे सु. २० मी. व्यासाचा पिंड असाच अनपेक्षितपणे वातावरणात फुटला आणि मुख्यतः खिडक्यांच्या फुटलेल्या काचांमुळे सु. १,५०० लोक जखमी झाले. याउलट ऑक्टोबर २००८ मध्ये सूदानवर पडलेला लहान लघुग्रह सु. २० तास आधी सापडला होता. आघाताचे भाकीत खरे ठरल्याचे ते पहिले उदाहरण होय.

आघाताची संभाव्यता : नव्या लघुग्रहाची कक्षा प्रथम थोड्याच वेधांवरून काढतात. त्यामुळे त्याचे भावी स्थान एका बिंदूने दाखविता येत नाही, ते एका लांबट पट्ट्यात कोठेतरी असते. नवे वेध मिळत जातात तसा हा पट्टा आखूड होतो. पृथ्वी त्या पट्ट्यात असेतोवर तिने व्यापलेला त्याचा अंश वाढतो, म्हणून संभाव्यताही वाढते. पृथ्वी पट्ट्याबाहेर पडताच ती एकदम शून्याजवळ येते. २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडलेल्या सु. ६० मी. व्यासाच्या २०२४ वायआर४ या लघुग्रहाबाबत असेच घडले. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो आदळण्याची संभाव्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ टक्क्यांवर गेली. संभाव्य आघाताचा पट्टा पूर्व पॅसिफिकपासून आफ्रिका व अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत पसरला होता व त्यातील शहरांमध्ये मुंबईचे नाव घेतले गेले. काही दिवसांतच नव्या वेधांवरून पृथ्वीला असलेला हा धोका टळल्याचे निश्चित झाले. ३० जून १९०८ रोजी सायबीरियातील तुंगुस्का येथे झालेल्या स्फोटाने सु. २,००० चौ. किमी. जंगल आडवे झाले. तेवढे क्षेत्र वर्तुळाकार मानल्यास त्याचा व्यास ५० किमी. भरतो, मुंबईपासून पनवेलपर्यंतची दाट वस्ती त्यात सामावू शकते. संभाव्यता अल्प असतानाही वेध चालू ठेवण्याची निकड यावरून स्पष्ट होते.

लोणार : प्रत्यक्ष आघाताचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील विवराचा व्यास सु. १·८ किमी. व खोली सु. १५० मी. आहे. पनवेलजवळच्या कर्नाळ्याचा सुळका ज्या बेसाल्टाचा आहे, त्याच दख्खनच्या लाव्हाथरांत हे विवर पडले आहे. ते ज्वालामुखीय असावे असे पूर्वी अनेकांना वाटे. मात्र तळाशी घेतलेल्या वेधनछिद्रांतील खडकांत तीव्र दाबाने काचरूप झालेले फेल्स्पार १९७३ मध्ये दाखविले गेले आणि आघातजन्य उगम सिद्ध झाला. त्याच्या वयाबाबत मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सु. ५०,००० वर्षे, तर दुसरीने सु. ५,७०,००० वर्षे येते.

प्रतिबंध : आघात पुष्कळ आधी कळल्यास लघुग्रहाच्या वेगात केलेला अल्प बदलही पुरेसा ठरतो, कारण मार्गातील फरक काळाबरोबर वाढत जातो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेचे ‘डार्ट’ हे अवकाशयान सु. १६० मी. व्यासाच्या डायमॉर्फस या लघुग्रह-उपग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले. त्यामुळे त्याचा सु. १२ तासांचा प्रदक्षिणाकाल अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला.

सु. ३४० मी. व्यासाचा अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपृष्ठापासून सु. ३२,००० किमी. अंतरावरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही आतून, जाणार आहे. २००४ मध्ये त्याच्या आघाताची संभाव्यता काही काळ २·७ टक्के मानली गेली होती. २०२१ मधील रडार-वेधांनंतर निदान पुढील शंभर वर्षे तो आदळणार नाही हे निश्चित झाले आहे. पूर्व गोलार्धातील अनेक ठिकाणांहून तो नुसत्या डोळ्यांनी दिसू शकेल; मात्र मुंबई–पनवेलसारख्या शहरांच्या उजेडात तो ओळखणे कठीण जाईल.