जेवढे काम, तेवढा अधिकार

एकत्र कुटुंबात किल्ल्यांचा जुडगा घरातील कर्त्या व्यक्तीकडे असे. मग कोठीतून धान्य काढायचे म्हणून प्रत्येक वेळी तिला बोलवावे काय? की सारा जुडगाच सर्वांच्या हाती द्यावा? लिनक्स या संगणक प्रणालीतही असाच प्रश्न निर्माण झाला होता. निमित्त होते इंटरनेटच्या जोडणीचे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी जोडणी साध्या टेलिफोनवरून होई. मोडेम हे उपकरण सेवा देणाऱ्या संस्थेचा क्रमांक लावी आणि खरखर आवाज होऊन दोन संगणकांचा संपर्क जुळे. पुढे या जोडणीचा वेग सेकंदाला फार तर ५६ किलोबिटपर्यंत पोहोचला. जोडणी चालू असेपर्यंत टेलिफोन अडकून पडे. म्हणून हवी तेव्हा ती जोडणे आणि काम संपताच तोडणे, ही दोन्ही कामे वापरणाऱ्यालाच करता येणे गरजेचे होते.

अडचण येथेच होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सची घडण यूनिक्स प्रणालीच्या धर्तीवर झाली आहे. तीत प्रत्येक वापरकर्त्याचे खाते वेगळे असते आणि सर्वाधिकार ‘रूट’ या प्रशासकाकडे असतात. संगणक बाहेरच्या जाळ्याशी जोडल्याने संपूर्ण यंत्रावर परिणाम होतो. त्यामुळे तो अधिकारही मुळात रूटचाच. रूटचा परवलीचा शब्द सर्वांना सांगून टाकणे, ही सर्वांत सोपी वाट होती. परंतु तीच सर्वांत धोक्याची. एका चुकीच्या आज्ञेने सर्वांच्या फाइली नाहीशा होऊ शकत होत्या.

यावरचा उपाय मार्मिक होता. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचे उदाहरण घेऊ. तेथे जोडणी करणाऱ्या ‘पीपीपीडी’ या आज्ञावलीवर एक विशेष खूण असे. त्या खुणेमुळे ती कोणीही सुरू केली, तरी रूटच्या अधिकाराने चाले. मात्र ती सुरू करण्याची मुभा ‘डिप’ नावाच्या गटातील सदस्यांनाच असे. प्रशासक टेलिफोन क्रमांक व इतर तपशील एकदाच नोंदवून ठेवी. सेवेचा परवलीचा शब्द ज्या फाइलीत असे, ती रूटखेरीज कोणासही वाचता येत नसे. गटात नाव घातल्यावर सदस्याने एकदा बाहेर पडून पुन्हा आपल्या खात्यात प्रवेश केला, की तो अधिकार लागू होई. मग ‘पॉन’ ही आज्ञा दिल्यावर जोडणी होई आणि ‘पॉफ’ दिल्यावर ती तुटे. म्हणजे अधिकार दिला जाई तो एका कामापुरता. माणसाच्या हाती जुडगा जात नसे.

टेलिफोनवरील जोडणीचा काळ आता सरला आहे. अमेरिकेतील एओएल या कंपनीने आपली अशी सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. तिच्यामागील तत्त्व मात्र टिकून आहे. भ्रमणध्वनीवरील एखादे अॅप कॅमेरा वापरण्याची परवानगी मागते, तेव्हा तोच प्रश्न आपल्यापुढे येतो: या कामासाठी एवढा अधिकार खरोखर हवा आहे काय? मोजका अधिकार देणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. एकाच्या चुकीची झळ सर्वांना लागू नये, यासाठी घेतलेली ती काळजी होय.