पानांचं घर शिवणारी मुंगी

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलं, की दोन्ही बाजूंनी सागाचं, ऐनाचं, मोहाचं रान सोबतीला येतं. भामरागड जवळ आलं की आधी हेमलकसा लागतं. बाबा आमटे यांनी १९७३ साली इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या कामाविषयी वाचताना आणखी एक गोष्ट अनेकांच्या कानावर येते. इथले माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी खातात. ऐकणारा हसतो, नाहीतर तोंड वाकडं करतो. पण कुठल्या लाल मुंग्या, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आज आपण तोच प्रश्न घेऊ या.

लाल मुंगी म्हटलं, की आपल्याला आठवते ती साखरेच्या डब्याला लागणारी, नाहीतर अंगणातल्या मातीत वारूळ करून राहणारी. ती नांगी मारते आणि आग आग होते. चटणीची मुंगी ही नव्हे. ही राहते झाडावर. मराठीत तिला विणकर मुंगी म्हणतात. दक्षिण कोकणात आणि गोव्यात हिलाच हुमले म्हणतात. शास्त्रीय नाव आहे ईकोफायला स्मॅराग्डिना.

ही ओळखायची कशी? आधी घर पाहावं. आंबा, जांभूळ, ऐन, करंज अशा झाडांवर हिरवी पानं एकमेकांना चिकटवून केलेला चेंडूसारखा गोळा दिसतो. पानांच्या कडांना पांढरा, कागदासारखा पापुद्रा असतो. असं घर आपल्याकडे दुसरी कुठलीही मुंगी करत नाही.

मग अंग पाहावं. रंग नारिंगी-तांबूस, पाय लांब, डोळे मोठे. छाती आणि पोट यांना जोडणाऱ्या बारीक कमरेत एकच लांबट मणका असतो. घरातल्या लाल मुंगीच्या कमरेला दोन गाठी असतात. साध्या भिंगातूनही हा फरक दिसतो. बाहेर फिरणाऱ्या कामकरी मुंग्या आठ-दहा मिलिमीटर लांब असतात. त्यांच्या निम्म्या आकाराच्या धाकट्या कामकरी घरातच राहून अंडी आणि अळ्या सांभाळतात. विणकर मुंगीला नांगी नसते. ती जबड्याने कडकडून चावते, पोट वर उचलते आणि जखमेवर फॉर्मिक आम्लाचा फवारा सोडते. चटणीचा आंबटपणा येतो तो याच आम्लातून.

फसवणारेही आहेत. एक काळसर मुंगी अशीच पोट उचलून धावते. पण तिचं पोट बदामाच्या आकाराचं असतं आणि घरटं चावलेल्या काडीकचऱ्याचं, तपकिरी असतं. दुसरा बहुरूपी तर मुंगीच नव्हे. तो आहे उड्या मारणारा एक कोळी. रंग तोच, चाल तीच. पुढचे दोन पाय तो मुंगीच्या मिशांसारखे वर धरतो. पाय मोजा. आठ भरले, की सोंग उघडं पडतं.

आता घर बांधायचं कौशल्य पाहू. दोन पानांमध्ये अंतर असेल, तर एक मुंगी दुसरीची कंबर धरते, दुसरी तिसरीची. अशी साखळी करून त्या पान ओढून आणतात. पानांच्या कडा भिडल्या, की काही कामकरी आतून वाढत्या वयाच्या अळ्या तोंडात धरून आणतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो. मुंगी तिला एका कडेवरून दुसऱ्या कडेला नेते, परत आणते. विणकराच्या हातात धोटा फिरावा, तसं हे काम चालतं. इतर अनेक मुंग्यांच्या अळ्या हे रेशीम स्वतःच्या कोषासाठी वापरतात. विणकर मुंगीची अळी मात्र स्वतःला उघडी ठेवून सगळं रेशीम घराला देते.

या मुंगीचा उपयोग माणसाने फार पूर्वी ओळखला. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात अशा घरट्यांची बाजारात विक्री होत असल्याची नोंद आहे. लिंबूवर्गीय बागांतले शेतकरी ती विकत घेत आणि कीड खायला झाडांवर सोडत. मुंग्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर जाता यावं म्हणून ते मध्ये बांबूही बांधत. अर्थात ती निव्वळ उपकारकर्ती नाही. गोड चिकट स्रावासाठी ती पिठ्या ढेकणांना सांभाळते, आणि आंबे उतरवणाऱ्याला फोडून काढते.

इंद्रावतीपलीकडे बस्तरच्या आठवडी बाजारात या मुंग्या पानांच्या द्रोणांत विकायला येतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या ‘काई’ चटणीला तर २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या पदार्थाला नाकं मुरडली जात, त्याला आता सरकारी मोहोर आहे. मागणी वाढेल, तशी घरटीही जास्त उतरतील. इथेच ओळखीचा खरा प्रश्न येतो.

डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १७७५ साली या मुंगीचं वर्णन केलं आणि तिला पाचूवरून नाव दिलं. नारिंगी मुंगीला पाचूचं नाव कशाला? ऑस्ट्रेलियातल्या याच मुंगीचं पोट हिरवं असतं. आणि आपल्याकडे हिरवट असते ती राणी. दोन ते अडीच सेंटिमीटरची, कामकरीच्या दुपटीहून मोठी.

एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात. मोठ्या वसाहतीत ती शंभराहून अधिकही असू शकतात. पण सहसा राणी एकच, आणि ती एकाच घरट्यात असते. बाकीची घरटी उतरवली, तर मुंग्या नवी पानं शिवून पुन्हा उभ्या राहतात. राणीचं घरटं गेलं, तर मात्र तिची जागा कामकरी मुंगी घेऊ शकत नाही. कामकरींनी घातलेल्या अंड्यांतून फक्त नर निघतात. घरं दिसत राहतात, पण नव्या कामकरी जन्मत नाहीत आणि काही महिन्यांत वसाहत ओस पडते.

म्हणून ही मुंगी ओळखायची, तर लाल रंगावर थांबून चालत नाही. घरटं उतरवलं आणि आत हिरवट, जाडजूड राणी दिसली, तर तिला फांदीवर परत ठेवावं. पुढच्या वर्षीची चटणी तिच्याच पोटात असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)